अकरा मिनिटांचा आवाज

चांदवडच्या विमल आहेर यांना मंगळवारी सकाळी पावणेदहाला नवऱ्याचा फोन आला. "विमल, तुझ्या मोबाईलवर आत्ता सहा आकडे आले असतील. वाचून दाखव बरं पटकन." आवाज नवऱ्याचाच होता, 'बरं'वर जरासा रेंगाळणारा. विमलबाई चष्मा घ्यायला वळल्या, तर नवरा समोरच बसून थालीपीठ खात होता. तोंडात घास होता आणि त्याचा फोन भिंतीपाशी चार्जिंगला लावलेला होता.

बाईंनी डोकं शांत ठेवलं. एकही आकडा न सांगता फोन बंद केला आणि नाशिकला 'पुनर्वाणी'च्या कार्यालयात फोन लावला. तिथं तो कुमुदिनी तांबटनं उचलला.

कुमुदिनी 'पुनर्वाणी'त आवाजांची जुळणी करायची. घशाच्या कर्करोगात ज्यांचा स्वरयंत्राचा भाग काढून टाकावा लागतो, अशा माणसांना ही कंपनी त्यांचा आवाज परत द्यायची. स्वरयंत्र गेलं तरी मेंदू बोलणं सोडत नाही. जीभ, ओठ, जबडा यांच्या स्नायूंना त्याचे हुकूम जातच राहतात, आणि त्या हुकुमांची बारीकशी वीज त्वचेवर उमटते. हनुवटीखाली लावलेली बोटभर रुंदीची कंठपट्टी ती वीज टिपते. माणसाला कोणता शब्द म्हणायचा आहे हे संगणक ओळखतो आणि कॉलरला लावलेल्या बटणाएवढ्या स्पीकरमधून तो शब्द बाहेर येतो, त्या माणसाच्या स्वतःच्या आवाजात. त्यासाठी शस्त्रक्रियेआधी माणसाला तासभर वाचायला लावून त्याच्या आवाजाचा साचा बनवून ठेवतात. पट्टीत एवढा मोठा साचा मावत नाही. म्हणून सगळे साचे नाशिकच्या मोठ्या संगणकांवर असत आणि पट्ट्या दिवसभर त्यांच्याशी जोडलेल्या असत. चार हजार तीनशे माणसं त्या साच्यांच्या जोरावर बोलत होती.

साडेदहापर्यंत विमलबाईंसारखे आणखी अकरा फोन आले. कंपनीच्या प्रमुख डॉ. मिथिला नाफडे यांनी पुण्याच्या शिरीन इनामदार यांना पडद्यावर बोलावून घेतलं. संगणकांत घुसखोरी झाली की तिचा माग काढायचा आणि बिघडलेलं पुन्हा उभं करायचं, हेच इनामदारांचं काम. त्यांनी पाच-सात प्रश्न विचारले आणि म्हणाल्या, "साचे चोरीला गेलेत. चोर अजून आत असेल. आज त्यानं फोनवर नक्कल केली, उद्या तो थेट या माणसांच्या गळ्यातल्या स्पीकरमधून बोलेल. आत्ताच्या आत्ता सगळं बंद करा."

"सगळे आवाज?" नाफडेंनी विचारलं.

"सगळे."

कुमुदिनी मागं उभी होती. विचारल्याशिवाय बोलायची तिची पद्धत नव्हती, पण ती पुढं आली. "मॅडम, बंद करायचं तर करू. पण सांगून करू. या लोकांचा आवाज एकदा रोगानं न विचारता नेलाय. निदान ह्या वेळी तरी त्यांना कळू दे."

"चोरालाही कळेल, ताई," इनामदार म्हणाल्या.

"दहा मिनिटं द्या."

त्यांनी घड्याळ बघितलं. "दहा. अकरावं नाही."

चार हजार तीनशे फोनवर निरोप गेला: दहा मिनिटांनी तुमचा आवाज काही दिवसांसाठी बंद होईल. तो परत येणार आहे. बोलायचं असेल ते आत्ता बोलून घ्या. त्या दहा मिनिटांत लोक काय बोलले ते पुढं हळूहळू समजलं. येवल्याच्या एका मुख्याध्यापकांनी वर्गाची हजेरी घाईघाईनं पुरी केली. पेठच्या एका बाईंनी गोठ्यात जाऊन चारही गायींना नावानं हाका मारल्या. आणि कुमुदिनीनं घरी सासऱ्यांना फोन केला.

"नाना, तुमचा आवाज थोड्या वेळानं बंद करावा लागतोय. आम्ही सगळ्यांचेच करतोय."

"बरं," नाना म्हणाले. "तू घाबरलीस काय?"

"थोडी."

"जेवून घे वेळेवर. डबा परत नको आणू तसाच."

कुमुदिनी फोन कानाला लावून उभी राहिली. पलीकडून नाना म्हणाले, "आणि येताना पायऱ्या बघून—" आणि आवाज तुटला.

त्या आवाजात तिचा नवरा होता.

तिचा नवरा नंदकिशोर अडीच वर्षांपूर्वी गेला. औषधांच्या कंपनीचा माल घेऊन निफाड, लासलगाव, मनमाड फिरायचा. एका दुपारी गाडी रस्त्याच्या कडेला नीट उभी करून स्टिअरिंगवर डोकं टेकलं, ते टेकलंच. मूलबाळ नव्हतं. घरात उरले दोघंच, ती आणि सासरे वामनराव. नानांचा उभा जन्म तांब्याची भांडी ठोकण्यात गेला होता. त्या ठणठणाटात बोलून उपयोग नसे म्हणून की काय, ते मुळातच कमी बोलायचे. गालात तंबाखू असायची ती वेगळीच. वर्षभरानं त्यांच्या घशात गाठ निघाली. शस्त्रक्रियेआधी आवाज भरून घ्यायला बसवलं, तर अकरा मिनिटं वाचून त्यांनी कागद खाली ठेवला. "बास झालं. मी एवढं बोलत नसतो."

अकरा मिनिटांचा साचा ओबडधोबडच निघाला. कितीतरी जोडाक्षरं त्यात आलीच नव्हती. वाक्याचा शेवट खाली पडायचा, 'ण' अडकायचा, रागातलं आणि मायेचं सगळं सारखंच सपाट ऐकू यायचं. नाना दिवसाला दहा शब्द बोलायचे आणि पट्टी काढून ठेवायचे.

तिच्या मोबाईलमध्ये नंदूच्या आवाजातले दोनशे बारा निरोप होते. येताना दही आण. मी मनमाडला अडकलोय, तू झोप. बापलेकांचा आवाज इतका सारखा, की नंदू असताना फोन कुणी उचलला हे नातेवाइकांना विचारावं लागायचं. गेल्या दिवाळीत तिनं ते निरोप घेतले, त्यांतला रहदारीचा आवाज पुसला आणि नानांच्या साच्यात जिथं जिथं भोकं होती तिथं नंदूचा आवाज भरला. कार्यालयात हे करता आलं नसतं, नियमात बसत नव्हतं. म्हणून घरच्या लॅपटॉपवरून जुळणीच्या यंत्राकडं तिनं एक आडवाट काढून घेतली. रोज संध्याकाळी सव्वासातला ती बसायची. एक बुधवार सोडून, कारण बुधवारी नानांना गिळण्याच्या व्यायामाला न्यायचं असे. भरता भरता भोकं संपली, तरी ती भरतच राहिली. होळीपर्यंत नानांच्या तोंडून पुरता नंदूच बोलू लागला होता.

आणि नानाही बोलू लागले. नवा आवाज त्यांना सोपा जातो आहे, असं तिला वाटलं होतं.

इनामदार दुपारी पुण्याहून येऊन पोचल्या. सडपातळ, पन्नाशीकडं झुकलेल्या, बिनदुधाचा चहा पिणाऱ्या. कशालाही हात लावण्याआधी त्यांनी प्रत्येक यंत्राची हुबेहूब प्रत काढून घेतली. चोरानं कोणत्या दारातून कधी कोण आलं याच्या नोंदी पुसून टाकल्या होत्या. पण इमारतीच्या विजेच्या मीटरकडं त्याचं लक्ष गेलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी इनामदारांनी जुळणीच्या नऊही माणसांना एका खोलीत बसवलं आणि भिंतीवर एक आलेख दाखवला.

"कार्यालय सहाला बंद होतं. जुळणीचं यंत्र मात्र दिवाळीपासून रोज सव्वासातला जागं होतंय, पाऊण तास. आधी मला वाटलं, हाच चोर. पण बुधवारी यंत्र झोपलेलं आहे, दर बुधवारी. चोर बुधवारची सुट्टी घेत नाही. बुधवारी कुणाच्या तरी घरी काहीतरी असतं."

कुमुदिनीनं टेबलावरचे हात मांडीवर घेतले.

"जुळणीच्या यंत्राची चावी, म्हणजे पासवर्ड, तुम्हा नऊजणांत एकच आहे, त्यामुळं कोण ते कळत नाही. ती चूक कंपनीची, तुमची नाही," इनामदार म्हणाल्या. "मी इथं कुणाला धरायला आलेले नाही. चोर बाहेर आहेत. मला फक्त दार कोणतं ते हवंय. दार सापडल्याशिवाय आवाज सुरू केले, तर तो उद्या त्याच दारानं परत येईल. आणि एकेक यंत्र उकलत बसले तर मला महिना लागेल. महिनाभर ही माणसं मुकी राहतील. कुणाला काही आठवलं, तर मी आठ वाजल्यापासून इथं असते."

सगळे आपापल्या जागी परतले. कुमुदिनीही.

ती घरी आली तेव्हा ऊन अजून गच्चीवर होतं. नाना खुर्ची टाकून बसले होते. गळ्याशी पट्टी नव्हती. मांडीवर कॅलेंडरचं फाडलेलं पान, कानावर पेन्सिल. तीन दिवस ते असंच लिहून बोलत होते, मोठाल्या, वाकड्या अक्षरांत.

ती चहा न करताच त्यांच्यासमोर जमिनीवर बसली.

"नाना, हे माझ्यामुळं झालंय बहुतेक."

तिनं सगळं सांगितलं. लॅपटॉप, आडवाट, बुधवार. मग राहिलेलंही सांगितलं, कारण ते वगळून बाकीच्याला अर्थच उरत नव्हता. "तुमच्या आवाजात मी यांचा आवाज मिसळला. तुम्हाला विचारलंसुद्धा नाही."

नानांनी कानावरची पेन्सिल काढली. बराच वेळ लिहीत होते. मग पान तिच्याकडं वळवलं.

*माहीत होतं. पहिल्या दिवशीच. पोराचा आवाज बापाला कळत नाही होय?*

"मग बोलला का नाहीत?"

*तुला बरं वाटत होतं.* पेन्सिल थांबली, पुन्हा चालू लागली. *मी काही विचारलं की तू हातातलं टाकून दारात येऊन उभी राहायचीस. म्हणून विचारत राहिलो.*

कुमुदिनीला ते सगळे प्रश्न एकदम आठवले. आज ऊन किती होतं? रिक्षा लगेच मिळाली का? मुळा किसलास की चिरलास? जन्मभर अर्धं वाक्य बोलणारा माणूस पाच महिने मुळ्याची चौकशी करत होता. तिला वाटलं होतं, म्हातारपणी बोलके झाले.

तिनं तोंड पदरात घेतलं नाही की काही नाही, तशीच बसून रडली. नानांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. हातोडीनं घट्टे पडलेला, जड हात. थोड्या वेळानं तोच हात काढून त्यांनी खाली आणखी एक ओळ लिहिली.

*उद्या जाऊन सांग. लोकं मुकी बसलीत.*

आठला पाच मिनिटं असताना कुमुदिनी इनामदारांसमोर लॅपटॉप ठेवून उभी होती. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मध्ये एकदाही तोडलं नाही. शेवटी एवढंच विचारलं, "रहदारीचा आवाज पुसायला काय वापरलंत?"

"इंटरनेटवरून एक प्रोग्राम उतरवला होता. फुकट होता."

"हं," इनामदार म्हणाल्या. दुपारी बारापर्यंत त्यांना तो प्रोग्राम सापडला, आणि त्याच्या पोटात लपून बसलेला दुसराही. तिनं आडवाटेनं यंत्राला जोडून घेतलं, की तो तिच्या मागोमाग आत यायचा, साचे उचलायचा आणि ती बाहेर पडली की निघून जायचा. पाच महिने. महिन्याचं काम चार तासांत झालं होतं.

डॉ. नाफडे मात्र संतापल्या, आणि त्यांचं चुकलं असं कुमुदिनीलाही वाटलं नाही.

"चार हजार तीनशे माणसं, कुमुदताई! त्यांचे आवाज आता कुणाच्या हातात आहेत ते आपल्याला कधीच कळणार नाही. आणि नंदकिशोरना तरी कुणी विचारलं होतं, तुमचा आवाज असा वापरू का म्हणून?"

हा प्रश्न तिला कुणी विचारलेला नव्हता. तिनं स्वतःलाही नव्हता विचारला. "नाही, मॅडम," ती म्हणाली.

तिच्या सगळ्या चाव्या काढून घेतल्या. जुळणीचं काम गेलं. कामावरून पूर्ण काढायचं की नाही ते चौकशीनंतर ठरायचं होतं. पण इनामदारांनी तिला घरी जाऊ दिलं नाही.

"आता खरं काम आहे," त्या नाफडेंना म्हणाल्या. "दिवाळीनंतरच्या एकाही साच्यावर माझा भरवसा नाही. त्याआधीच्या प्रती कपाटात सुट्या ठेवलेल्या आहेत, त्या स्वच्छ आहेत. सगळ्यांना त्या देऊ. पण आवाज ज्याचा त्यालाच गेलाय ना, हे यंत्र सांगू शकणार नाही, घरचं माणूसच सांगेल. प्रत्येक घरी फोन करावा लागेल. आणि काय झालं तेही प्रत्येकाला खरंखरं सांगावं लागेल. हे काम बाकीच्यांबरोबर यांनाही द्या. यांना चावी लागत नाही, फक्त कान लागतात."

मग सहा दिवस कार्यालयातल्या सगळ्यांबरोबर कुमुदिनीही फोनवर होती. ती आधी सांगायची: आमच्याकडून तुमचा आवाज चोरीला गेला, चूक आमच्या आतली आहे. कुणी शिव्या दिल्या, कुणी पुन्हा पुन्हा तेच विचारलं. मग ती विचारायची, "आता ऐका, आणि हे तुमचेच आहेत का सांगा." पलीकडं कुणीतरी पट्टी लावायचं, एखादं वाक्य यायचं, आणि मग बायको, लेक, भाऊ, जो कोणी असेल तो म्हणायचा, हो, हेच. विमल आहेर म्हणाल्या, "परत एकदा बोलायला लावा," आणि 'बरं'वर आवाज रेंगाळलेला ऐकल्यावरच हो म्हणाल्या.

दिवाळीनंतर आलेल्या एकसष्ट माणसांची जुनी प्रतच नव्हती. त्यांच्यासाठी कंपनीची माणसं घरोघर गेली आणि लग्नाच्या चित्रफिती, वाढदिवस, भांडणं, जिथून मिळेल तिथून आवाज गोळा करून आणला. त्याला पुढं दोन महिने लागले.

सातव्या दिवशी नानांची पाळी आली. कुमुदिनी त्यांना घेऊन कार्यालयात आली. नाफडे नव्हत्या. इनामदारांनी दोघांना बसवलं.

"तुमची दिवाळीआधीची प्रत म्हणजे ती अकरा मिनिटांची," त्या नानांना म्हणाल्या. "पण ताईंनी बनवलेला साचाही मी सहा दिवस बसून तपासलाय. त्यात काही घुसलेलं नाही. मुलाचा आवाज आहे, म्हणजे वारस म्हणून तुमची आणि ताईंची लेखी संमती लागेल. मॅडमना मी विचारलंय, त्या हो म्हणाल्यात. तुम्हाला कोणता हवा?"

कुमुदिनी जमिनीकडं बघत होती. तिनं काहीच म्हणायचं नाही असं ठरवलं होतं, आणि तेवढं ठरवायला तिला सहा दिवस लागले होते.

नानांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला. घरूनच लिहून आणला होता.

*माझा द्या. त्याचे निरोप आहेत तसे वेगळे ठेवून हिला द्या. त्याला त्याच्याच बोलण्यात ऐकू दे तिला. माझ्या तोंडून मुळ्याबद्दल नको.*

इनामदारांनी कागद वाचला, चष्मा काढून पुसला आणि कामाला लागल्या.

पट्टी लावली. नानांनी हनुवटी वर केली, आणि ती जुनी, भसाडी, सपाट खरखर खोलीत आली.

"ऐकू येतं का?"

"ताई, हा यांचाच आवाज आहे का?" इनामदारांनी विचारलं. फॉर्मवर तसा रकाना होता.

"हो," कुमुदिनी म्हणाली, "त्यांचाच," आणि सही केली.

परतताना रिक्षा केली. रिक्षावाल्याला पत्ता नानांनीच सांगितला. त्याला दोनदा कळलं नाही. तिसऱ्यांदा सांगताना नाना 'ण'वर अडकले, थांबले, आणि पुन्हा पहिल्यापासून म्हणाले. कुमुदिनीनं मध्ये तोंड घातलं नाही.

अशोक स्तंभापाशी सिग्नल लागला. नाना बाहेर बघत होते.

"नंदू," ते म्हणाले.

कुमुदिनीनं मान वळवली. पाच महिने हा माणूस रोज बोलत होता, पण त्यानं हे नाव एकदाही घेतलं नव्हतं. कसं घेणार होता? पोराच्याच आवाजात पोराला हाक कशी मारायची?

"नंदू सहा वर्षांचा असताना," नाना एकेक शब्द ठोकून बसवावा तसे बोलू लागले, "एकदा माझी हातोडी घेऊन बसला. गिऱ्हाइकाचा नवाकोरा हंडा. असा ठोकला, असा ठोकला, की हंडा राहिलाच नाही तो."

"मग? मारलंत का त्यांना?"

"नाही," नाना म्हणाले. "त्याचा ताल चांगला होता."

सिग्नल सुटला. रिक्षाच्या घरघरीत नानांचा आवाज नीट ऐकू येईना, म्हणून कुमुदिनी सरकून त्यांच्या अगदी जवळ बसली आणि म्हणाली, "पुढं सांगा."